आडव्या दिशेचा सुळका

आमच्या प्रयोगशाळेत डिव्हाइसचे दोनच प्रकार होते, चांगलं आणि वाईट. ज्यात सुळका दिसला ते चांगलं, ज्यात दिसला नाही ते वाईट. वाईट डिव्हाइस मोजून झालं की प्लास्टिकच्या डबीत जायचं, डबी ड्रॉवरमध्ये जायची, आणि ड्रॉवर पुन्हा उघडायचा तो पुढची डबी ठेवायलाच. सहा वर्षांत मी अशा तीनशे अकरा डब्या भरल्या. चांगली निघाली चार. लेख लिहिताना आम्ही ‘आमच्या डिव्हाइसमध्ये सुळका दिसतो’ असं खुशाल लिहायचो, आणि त्यात खोटं काही नव्हतं, कारण ज्यात दिसत नाही ते आम्ही आमचं मानतच नव्हतो.

सुळका म्हणजे काय, हे मी नातेवाइकांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. केसाच्या हजाराव्या भागाइतकी बारीक एक तार घ्यायची, तेच आमचं डिव्हाइस. तार अर्धवाहकाची, आणि तिच्या एका अंगाला ॲल्युमिनियमचा पापुद्रा. ॲल्युमिनियम खूप खूप थंड केलं की अतिवाहक होतं, म्हणजे वीज त्यातून विनाअडथळा वाहते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसा तो गुण शेजारच्या तारेलाही लागतो. मग तारेच्या लांबीच्या दिशेनं चुंबकीय क्षेत्र द्यायचं. सिद्धांत म्हणतो, असं केलं की तारेच्या दोन टोकांना एकेक अर्धं इलेक्ट्रॉन येऊन बसेल. अशा अर्ध्यांच्या जोडीत माहिती साठवली की एका टोकाला कुणी कितीही धक्काबुक्की केली तरी ती बिघडत नाही, आणि त्यातून कधीही न चुकणारा क्वांटम संगणक तयार होईल. अर्धं इलेक्ट्रॉन बसलं की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. तारेतून वीज सोडून आलेख काढायचा, शून्य व्होल्टला आलेखात सुळका उभा राहिला आणि त्याची उंची सिद्धांतानं सांगितली तेवढी भरली, की बसलं असं समजायचं.

माझी मावशी दर महिन्याला फोनवर विचारायची, “काय गं, तुझं अर्धं सापडलं का?” मी तेव्हा तिशी ओलांडलेली आणि बिनलग्नाची होते, त्यामुळे ती नक्की कशाबद्दल विचारते आहे याच्या खोलात मी कधी गेले नाही.

उंचीचीही एक गंमत होती. तारेपर्यंत वीज पोचायच्या आधी ती वायर, फिल्टर, जोड अशा दहा ठिकाणांहून जाते, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा रोध असतो. तो हिशेबातून वजा करायचा. किती वजा करायचा? खरा आकडा कुणालाच माहीत नसतो, कारण तो मोजायला तार गार ठेवणारा फ्रिज उघडावा लागतो आणि उघडला की तो आकडाच बदलतो. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. जेवढा वजा केल्यावर सुळक्याची उंची बरोबर येते, तेवढा रोध असणार. मग लेखात लिहायचं की उंची सिद्धांताशी तंतोतंत जुळली. मी पहिल्या वर्षी याबद्दल विचारलं होतं. दुसऱ्या वर्षी विचारायची थांबले, आणि तिसऱ्या वर्षी नवीन आलेल्यांना मीच शिकवायला लागले.

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल. माझ्या शिष्यवृत्तीची मुदत दोनदा संपली आणि दोन्ही वेळा त्यांनी वरच्यांशी भांडून ती वाढवून घेतली. माझ्या वडिलांच्या आजारपणात तीन महिने माझं मोजमाप त्यांनी स्वतः केलं, या वयात, गुडघे दुखत असताना, फ्रिजच्या शिडीवर चढून. पंधरा वर्षं ते या एका सुळक्याच्या मागे होते. त्यांच्या खोलीतल्या फळ्यावर खडूनं काढलेला सुळका होता आणि सफाईवाल्या बाईंना तेवढा कोपरा पुसायची मनाई होती. फक्त आता विद्यापीठाची माझ्यासाठीची मुदत पुन्हा वाढणार नव्हती. डिसेंबरअखेर सरांच्या सहीसह प्रबंध गेला नाही, तर माझं नाव रजिस्टरमधून कमी होणार होतं आणि सहा वर्षं पाण्यात जाणार होती.

त्या वर्षी मार्चमध्ये आम्ही फ्रिज सर्व्हिसिंगसाठी उघडला. फ्रिज म्हणजे माणसापेक्षा उंच पिंप, छताला टांगलेलं, तळाशी चुंबक. चुंबकात तीन कॉइल असतात, एक उभी आणि दोन आडव्या. दोन आडव्यांपैकी एक तारेच्या लांबीच्या दिशेत क्षेत्र देते आणि दुसरी तारेला काटकोनात. तिन्हींना मनगटाएवढ्या जाड केबल. केबलवरच्या आणि त्यांच्या सॉकेटांवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांचा गोंद वाळून त्या गळून पडल्या होत्या, म्हणून मी नव्या चिकटवल्या. अगदी डोळ्यांत तेल घालून चिकटवल्या, असं मला आजही वाटतं. मग आकडे बघून केबल पुन्हा जोडल्या, फ्रिज बंद केला, आणि गार व्हायला आठवडा दिला.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी अकरा वाजता सुळका आला. याआधीच्या चार चांगल्यांत आले होते ते खुरटलेले, एका बाजूला कललेले, क्षेत्र जरा वाढवलं की मोडणारे. हा ताठ उभा राहिला. क्षेत्र वाढवलं, उभा. कमी केलं, उभा. उंची तर अशी की मला रोध जवळजवळ वजाच करावा लागला नाही. सर धावत खाली आले, पडद्यासमोर उभे राहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खिशातून फोन काढून बायकोला लावला. पंधरा वर्षं त्या बाईंनी या सुळक्याला सवतीसारखं सहन केलं होतं, तेव्हा पहिला मान त्यांचाच होता.

पुढचे दोन महिने आमचे पाय जमिनीवर नव्हते. केक आला, त्यावर क्रीमचा सुळका होता आणि तो कापायला कुणी तयार होईना. संचालकांनी माझा आलेख दोन माणसांएवढ्या उंचीचा छापून इमारतीच्या दारात लावला. लेखात पहिलं नाव माझं होतं. मावशीला मी फोन करून सांगितलं की अर्धं सापडलं, आणि तिनं विचारलं, कोणतं?

लेख एका शास्त्रीय मासिकाला पाठवला आणि तो परीक्षकांकडे गेला. परीक्षक तीन. पहिल्यानं स्तुती केली. दुसऱ्यानं स्वतःच्या अकरा लेखांचे संदर्भ घालायला सांगितले. तिसऱ्यानं विचारलं की क्षेत्राची दिशा तारेशी नेमकी जुळते याला पुरावा काय, चुंबकाच्या जोडणीचा फोटो जोडावा. हा प्रश्न त्यानं केवळ काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारला होता, अशी माझी खात्री आहे. मी फोन घेऊन खाली गेले. फोटो स्वच्छ यावा म्हणून पिंपाचं झाकण ओल्या फडक्यानं पुसलं. धुळीखाली, प्रत्येक सॉकेटच्या कडेला, कंपनीनं धातूवर कोरलेले ठिपके निघाले. एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. मी ज्या केबलवर दोनचा आकडा चिकटवला होता, ती तीन ठिपक्यांत घुसलेली होती, आणि तीनची दोनांत.

म्हणजे तीन महिने आम्ही क्षेत्र तारेच्या लांबीत देतोय असं समजत होतो आणि ते जात होतं आडवं, तारेला काटकोनात.

एखाद्याला वाटेल, मग काय झालं, चूक झाली, पुन्हा मोजा. पण आडव्या क्षेत्रात अर्धं इलेक्ट्रॉन येतच नाही, हे त्याच सिद्धांतात लिहिलेलं आहे ज्याच्या जोरावर आमची इमारत उभी होती. आणि नेमका तिथे आमच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर सुळका आला होता. अर्धं इलेक्ट्रॉन नसतानाही सुळका येतो, अगदी हव्या त्या उंचीचा येतो, असा त्याचा अर्थ. तारेत कुठे बारीकशी घाण असली, कुठे एखादं इलेक्ट्रॉन कोपऱ्यात अडकून बसलं, की हुबेहूब तसाच येतो. दारात चप्पल दिसली म्हणून पाहुणा आलाय असं आम्ही पंधरा वर्षं समजत होतो, आणि चप्पल घरातल्याच कुणाची तरी निघाली होती.

माझ्या मनात आलेला पहिला विचार प्रामाणिकपणाचा नव्हता, हे कबूल करते. पहिला विचार असा होता की दोन केबल उपसून बदलायला दीड मिनिट लागेल, मग फोटो काढायचा, आणि जगात कुणाला पत्ता लागणार नाही. एका केबलच्या नटावर मी हात ठेवलाही होता. मग का कोण जाणे, हात मागे घेतला, आहे तसाच फोटो घेतला आणि घरी गेले.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. ती बत्तीस वर्षं रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. कोपऱ्यावरच्या इमारतीत तळमजल्यावर तीन यंत्रं आहेत आणि तिच्या हाताखाली दोन मुली. मी तिला सगळं सांगितलं. तिला क्वांटम कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही, पण यंत्र कळतं. ती शेंगा सोलत ऐकत राहिली.

“म्हणजे जिथं यायला नको, तिथं लावून बघितलं आणि आलं,” ती म्हणाली.

“लावून नाही बघितलं. चुकून लागलं.”

“चुकून का होईना, कंट्रोल लागला ना तुझा.”

कंट्रोल म्हणजे काय हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी आई एक बाटली लावते, जिच्यातली साखर किती आहे ते बाटलीवरच छापलेलं असतं. यंत्रानं तोच आकडा दिला तर दिवस सुरू. नाही दिला, तर बाहेर कितीही लोक उपाशीपोटी ताटकळत असोत, यंत्र दुरुस्त होईपर्यंत एकाही नळीला हात लावायचा नाही.

“याआधी कधी लावला होतात?” तिनं विचारलं.

मी एक शेंग उचलून सोलायला घेतली.

“सहा वर्षांत एकदाही नाही?”

मी म्हटलं की फ्रिजचा वेळ मिळत नाही, एकेक खेप थंड करायला आठवडा जातो, जिथं काही येणारच नाही तिथं मोजत कोण बसणार.

“आमच्याकडे हेच केलं असतं तर सगळी गल्ली मधुमेही निघाली असती,” आई म्हणाली. शेंगा संपल्यावर तिनं ताटलीतली टरफलं गोळा केली आणि म्हणाली की सांग तुझ्या सरांना, पण नुसती चूक सांगून थांबू नकोस, चुकीतून काय कळलं तेही सांग, कारण लोक पहिलं ऐकतात आणि दुसरं सोडून देतात.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला, लहान करून बघितला, फोन उलटा धरूनही बघितला. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, आईनं सांगितल्या होत्या त्याच क्रमानं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या.

“आणखी कुणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“आईला.”

“त्यांना फिजिक्स येतं?”

“नाही. ती रक्त तपासते.”

सरांना हायसं वाटलं. मग त्यांनी तोडग्याला फोन लावला.

तोडगा हे आमच्या सिद्धांतवाल्या प्राध्यापकांचं आम्ही ठेवलेलं नाव. ते दुसऱ्या शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि आमचा कसलाही आलेख आला तरी तो असाच यायला हवा होता, हे सिद्ध करून द्यायचे. सुळका यावा कसा, सुळका येऊ नये कसा, अर्धा यावा कसा, सगळ्यावर त्यांच्याकडे उपाय. यावेळी त्यांनी चार दिवसांत बारा पानं पाठवली. तार थोडी वाकडी असेल, ॲल्युमिनियम एका बाजूला जाड असेल, आणि अमुक एक राशी तमुकपेक्षा मोठी असेल, तर आडव्या क्षेत्रातही अर्धं इलेक्ट्रॉन येऊ शकतं, असं त्यात होतं. अमुक राशी मोजता येत नव्हती, हा त्या बारा पानांचा सगळ्यात मोठा गुण होता.

पण सरांना ती पानं लागलीच नाहीत. दरम्यान आम्ही केबल बदलल्या आणि तेच डिव्हाइस आता लांबीच्या दिशेनं मोजलं. तिथेही सुळका आला. किंचित बुटका, पण वजाबाकीनं भागण्यासारखा. सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी तोडग्याला कळवलं की बारा पानं नकोत, आणि तोडग्यानं उलट कळवलं की ठीक आहे, ती दुसरीकडे वापरतो.

सरांनी मासिकाला पत्र लिहिलं. एका विद्यार्थिनीच्या हातून झालेल्या जोडणीतील चुकीमुळे आधीची मोजमापं चुकीच्या दिशेत झाली, याबद्दल दिलगिरी. जोडणी दुरुस्त करून योग्य दिशेत मोजमापं पुन्हा घेतली आहेत, निष्कर्ष कायम आहे, सोबत सुधारित आलेख. मासिकानं आमच्या पारदर्शकतेचं कौतुक केलं. संचालकांनी सभेत आमचं उदाहरण दिलं की चूक कबूल करणं हेच खरं विज्ञान, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी हात दाखवून अवलक्षण केलं होतं, आणि सरांचा मात्र सुंठीवाचून खोकला गेला होता. माझी चूक नसती, तर त्यांना त्या आडव्या सुळक्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. आता तो माझ्या खात्यावर गेला आणि प्रश्न मिटला.

मी सरांच्या खोलीत जाऊन म्हटलं की दोन्ही दिशांनी सुळका येत असेल तर तो काहीच सांगत नाही, आणि हे लेखात यायला हवं.

“चुकीच्या जोडणीचा डेटा आपण छापत नाही,” सर म्हणाले. “तूच म्हणालीस ना, चूक होती?”

“जोडणी चुकीची होती, सर. मोजमाप बरोबर होतं.”

त्यावर ते म्हणाले की एका डिव्हाइसवरून काही सिद्ध होत नाही. हे अगदी खरं होतं. फक्त मे महिन्यात एका डिव्हाइसवरून सगळं सिद्ध झालं होतं.

मी मग दुसरा मार्ग धरला. माझ्या प्रबंधात पाचवं प्रकरण घातलं, आडव्या दिशेतल्या मोजमापांचं. एकोणीस पानं, सगळे आलेख, ठिपक्यांचा फोटो, चिठ्ठ्या मीच चुकीच्या लावल्या हेही. सुळका हा पुरावा म्हणून अपुरा आहे, असं शेवटचं वाक्य. प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला ऑक्टोबरच्या सुरुवातीला. सरांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, “पाचवं प्रकरण काढ, त्याच दिवशी सही करतो.” आणि पुढचे दोन महिने ते मला जिन्यात, कॅन्टीनमध्ये, पार्किंगमध्ये भेटत राहिले आणि दरवेळी माझ्या आईची तब्येत विचारत राहिले.

ज्याला त्याला मी सल्ला विचारला आणि सगळ्यांनी एकच दिला. आधी पदवी घे, मग हवं ते लिही. मावशी म्हणाली, प्रकरणच ना गं ते, सहा आहेत त्यातलं एक. आई काहीच म्हणाली नाही, आणि तिचं न म्हणणं मला जास्त बोचलं. मला पदवी हवी होती. खूप हवी होती. सहा वर्षं लोकांची लग्नं, मुलं, घरं होताना मी काळोख्या तळघरात पडद्यासमोर बसले होते, आणि त्याचं नाव म्हणून माझ्याकडे दाखवायला काहीतरी हवं होतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी पाचवं प्रकरण काढून प्रबंधाची नवी प्रत छापली. सहाव्याला पाच नंबर दिला. कुणाला कळणारही नाही इतकं सफाईदार झालं.

ती प्रत बॅगेत घालून मी रविवारी दुपारी प्रयोगशाळेत गेले. मुद्दाम रविवारी, म्हणजे सरांच्या टेबलावर ठेवून तोंड न दाखवता निघता येईल. सरांची खोली बंद होती. खाली तळघरात दिवा दिसला म्हणून बघायला गेले.

सर पडद्यासमोर बसले होते. अंगात घरातला स्वेटर, शेजारी थर्मास. फ्रिजमध्ये नवीन डिव्हाइस होतं, आमच्या सुधारित लेखाला जोड म्हणून गेल्याच आठवड्यात थंड केलेलं, आणि त्यातही सुळका आला होता, योग्य दिशेत. दोन आडव्या कॉइलमधली वीज कमीजास्त केली की केबलला हात न लावता क्षेत्र हव्या त्या दिशेला फिरवता येतं. सर ते फिरवत होते. मी मागे उभी राहून बघत राहिले. तीस अंश, सुळका जागेवर. साठ अंश, जागेवर. नव्वदला क्षेत्र पूर्ण आडवं झालं आणि सुळका तसाच ताठ उभा होता. सरांनी क्षेत्र परत शून्यावर आणलं आणि पुन्हा फिरवायला घेतलं. त्यांनी हे सकाळपासून किती वेळा केलं असेल देव जाणे, थर्मास रिकामा होता. पडद्याच्या कोपऱ्यात मोजमाप साठवायचा चौकोन असतो, त्यात खूण केली नाही तर यंत्र नुसतं दाखवतं, मागे काही ठेवत नाही. तो चौकोन कोरा होता.

“सर, सेव्ह होत नाहीये,” मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. “माहीत आहे,” म्हणाले.

मी शेजारचं स्टूल ओढून बसले. बराच वेळ आम्ही दोघं सुळका बघत होतो. तो सुंदर होता, आजही म्हणेन. सरांचा हात माउसवर होता आणि बाण त्या कोऱ्या चौकोनाच्या अगदी शेजारी होता. एकदा तो चौकोनावर गेला. परत आला. मला वाटलं, हा माणूस रडणार, आणि मग माझं काय होईल ते मला सांगता येईना.

सर उठले. खुर्ची माझ्याकडे वळवली.

“तू कर,” ते म्हणाले. “माझ्याच्यानं होत नाही.”

मी बसले, चौकोनात खूण केली आणि शून्य अंशापासून सुरुवात केली. पूर्ण फेरीला चाळीस मिनिटं लागतात. सर सगळा वेळ माझ्या खुर्चीमागे उभे होते, गुडघे दुखत असूनही बसले नाहीत. सुळका एकदाही हलला नाही. फेरी संपल्यावर त्यांनी मोजमापांची वही मागितली. तारीख घातली, डिव्हाइसचा नंबर घातला आणि आपल्या बारीक, नीटस अक्षरात लिहिलं: क्षेत्र आडवं, सुळका आहे. खाली सही केली. प्रबंधावर जी सही मिळावी म्हणून मी दोन महिने जिन्यात घुटमळले होते, ती आधी त्या पानावर उमटली.

वही मिटून ते म्हणाले, “हे पाचव्या प्रकरणात घाल. उद्या मासिकाला मी लिहितो, यावेळी चूक तुझी होती असं लिहिणार नाही.” मग थांबून म्हणाले, “इतके दिवस तू ते प्रकरण काढलं नाहीस. मी तुझ्या जागी असतो तर कधीच काढलं असतं.”

मी मान हलवली. बॅग मांडीवर होती, ती जरा पोटाशी ओढून घेतली. आतल्या प्रतीबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.